काच किती, रस्ता किती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

विहिरीत दगड टाकायचा आणि 'डुबुक' असा आवाज येईपर्यंत एक, दोन, तीन असे आकडे मोजायचे, हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खेळला असेल. आकडा मोठा, तर विहीर खोल. दूरसंचाराच्या नोकरीत मी पंचवीसेक वर्षे हाच खेळ खेळलो. फरक इतकाच, की विहिरीच्या जागी जमिनीखाली पुरलेला काचेचा धागा होता आणि दगडाच्या जागी प्रकाश.

आपण फोनवर बोलतो, पैसे पाठवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा आपला निरोप बराचसा प्रवास जमिनीखालून करतो. मोबाइलला तार नसते असे आपण म्हणतो. ती नसते फक्त आपल्या हातातल्या फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंत. मनोऱ्याच्या पुढे बहुतेक ठिकाणी ऑप्टिकल फायबरची केबल असते. रस्त्याच्या कडेने, शेताच्या बांधाखालून, पुलाच्या कठड्याला बांधून ती शेकडो किलोमीटर जाते. ती दिसत नाही, म्हणून ती आहे हेही आपण विसरतो. तुटली की मात्र आठवण होते, आणि मग पहिला प्रश्न येतो : कुठे तुटली? पंधरा-वीस किलोमीटर रस्ता काही उकरून पाहता येत नाही. म्हणून केबलच्या एका टोकाला बसून, न पाहता, तूट किती अंतरावर आहे ते मोजावे लागते.

मी नोकरीला लागलो तेव्हा तांब्याच्या केबली होत्या. तांब्याच्या तारेचा विद्युतरोध मोजून, तिची जाडी ठाऊक असेल तर, दोष किती अंतरावर आहे त्याचा हिशेब मांडता येई. काच आली आणि हे सगळे बदलले. काचेतून वीज जात नाही. तिथे प्रकाशालाच विचारावे लागते.

हा काचेचा धागा म्हणजे काय चीज आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. केबलमधल्या एका धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या गाभ्यातला, प्रकाश वाहून नेणारा भाग तर जेमतेम ९ मायक्रॉनचा. काचेच्या तंतूंतून प्रतिमा वाहून नेण्याचे काम नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. त्या कामासाठी काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या धाग्यात पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

पण इतक्या शुद्ध काचेतही प्रकाश किंचित विखुरतोच. आकाश निळे दिसते ते ज्या विखुरण्यामुळे, तेच हे रॅलेचे विकिरण. त्यातला अगदी लहानसा अंश उलट फिरून आपल्याकडे परत येतो. १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन या दोघांनी दाखवून दिले, की हा परतलेला प्रकाश मोजला तर धाग्याची सगळी हकीकत एका टोकाला बसून कळते. त्यातून जे यंत्र तयार झाले त्याला आम्ही ओटीडीआर म्हणतो. हे यंत्र धाग्यात प्रकाशाचा एक छोटा ठोका सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशाची नोंद घेत बसते. पडद्यावर एक रेषा उमटते, हळूहळू उतरत जाणारी. जिथे दोन धागे जोडले आहेत तिथे रेषेला लहानशी पायरी दिसते. जिथे धागा संपतो किंवा तुटतो तिथे रेषा कड्यावरून पडावी तशी खाली येते.

आता अंतर कसे काढायचे? प्रकाश पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. काचेत त्याचा वेग कमी होतो, सेकंदाला सुमारे दोन लाख चार हजार किलोमीटर इतका. म्हणजे एक मीटर काच पार करायला त्याला जवळजवळ ५ नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. जाऊन-येऊन दहा नॅनोसेकंद धरा. यंत्र वेळ मोजते, वेगाने गुणते, दोनने भागते आणि आपल्याला मीटर सांगते. विहिरीतल्या दगडाचाच हिशेब. फक्त इथे 'डुबुक' सेकंदाच्या सात-आठ हजाराव्या भागात ऐकू येते.

हे सगळे मला पाठ होते. पाठ असूनही एका रात्री मी चुकलो. ती रात्र मला आज सांगायची आहे.

वीसेक वर्षांपूर्वीचा जुलै महिना. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. दिवसभर पाऊस कोसळत होता. रात्री आठच्या सुमाराला महामार्गावरच्या गावाकडे जाणारी केबल गेली आणि सगळा तालुका बाहेरच्या जगाला तुटला. मोबाइल तेव्हा आले होते, पण त्यांचे मनोरेही याच केबलवर चालत. मी यंत्र लावले. रेषा १४.६२० किलोमीटरवर पडली होती. छान, म्हटले, काम सोपे आहे.

निघताना ऑफिसच्या दारात एक जण छत्री घेऊन उभा होता. जवळच्याच वाडीतला. संध्याकाळी त्याचे वडील गेले होते. मोठा भाऊ मुंबईला. बूथवर फोन लागेना म्हणून तो आमच्याकडे आला होता. ''साहेब, किती वेळ लागेल?'' त्याने विचारले. ''बारा-साडेबारापर्यंत लागेल फोन,'' मी अगदी खात्रीने सांगून टाकले. आकडा हातात होता ना!

आम्ही जीप काढली. ऑफिसच्या फाटकाशी मीटरवरचा आकडा टिपला आणि बरोबर १४.६ किलोमीटरवर गाडी थांबवली. तिथे एक मोरी होती. मोरीजवळ केबल तुटते हा नेहमीचा अनुभव, त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली. माणसांनी पहारी, फावडी काढली. कोकणातला जांभा, वरून पाऊस, खड्ड्यात भरणारे पाणी. पाइप उघडा पडायला तीन तास लागले. पाइप कापून पाहिला, तर आत केबल धडधाकट. दहा मीटर पुढे खणले, तिथेही काही नाही. रात्रीचा एक वाजला.

तेव्हा मला आमच्या काकांची आठवण झाली. काका म्हणजे आमचे जुने लाइनमन. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. ही केबल टाकली गेली तेव्हा ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रस्त्यावर होते. त्या दिवशी त्यांची पाळी नव्हती, म्हणून मी त्यांना उठवले नव्हते. खरे सांगायचे तर यंत्र हातात असताना त्यांना उठवायची गरज मला वाटली नव्हती.

जीप पाठवून त्यांना आणले. येताना त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शाळकरी वही आणली होती. काही न बोलता ते खड्ड्यात उतरले. धोतराच्या सोग्याने केबलवरचा चिखल पुसला आणि बॅटरीच्या उजेडात वाचले : ४०२७.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल. ऑप्टिकल फायबर केबलच्या काळ्या आवरणावर कारखान्यातच दर मीटरला आकडा छापलेला असतो. शिंप्याच्या टेपवर असतो तसा. केबल ही स्वतःच एक मोजपट्टी असते. तीन तास आम्ही त्या मोजपट्टीवर बॅटरी मारून उभे होतो आणि कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते.

काकांनी वही उघडली. ''साहेब, मशीनवर तुटीच्या आधीचा जोड किती किलोमीटरवर दिसतो?''

मी यंत्रातली रेषा पुन्हा पाहिली. ''१४.१२०. हा सातवा जोड.''

''म्हणजे जोडापासून तूट पाचशे मीटर. काचेचे पाचशे. आपल्या या केबलला किलोमीटरमागे दहा मीटर काच जास्त आहे. तेव्हा केबलचे चारशे पंचाण्णव धरा. सातव्या जोडाला पुढच्या केबलचा आकडा ३२१२ आहे. तीन हजार सातशे सातला तूट पाहिजे. इथे चार हजार सत्तावीस आहे.'' त्यांनी वही मिटली. ''साहेब, आपण तीनशे वीस मीटर पुढे येऊन खणतोय.''

मी काहीसा वरमून म्हणालो, ''पण काका, मशीन तर १४.६ दाखवतेय.''

''बरोबरच दाखवतेय. मशीनने काच मोजली. तुम्ही रस्ता मोजलात.''

आम्ही तीनशे वीस मीटर मागे आलो. रस्त्याची दरीकडची कड आतल्या आत सरकली होती. गवतात बोटभर रुंदीची भेग होती, जीपमधून ती दिसणे शक्यच नव्हते. खणले, तर पाइप ताणून फाटलेला आणि केबल तुटलेली. जोड करून फोन सुरू झाले तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. त्या माणसाचा मुंबईला फोन लागला. त्याचा भाऊ लगेच निघाला आणि दुपारी पोचला. पावसापाण्याचे दिवस, माणसे किती थांबणार? सकाळी अकरालाच सगळे उरकले होते.

त्या माणसाने मला कधी काही म्हटले नाही. पुढे बाजारात भेटला तर नमस्कारही करायचा. पण चुकीच्या खड्ड्यात गेलेले ते चार तास माझे होते, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मी काकांसमोर बसलो आणि तो हिशेब पुन्हा मांडून घेतला. तो तुम्हालाही सांगतो, कारण त्यातच या विषयाचे सगळे मर्म आहे.

जमिनीत टाकलेल्या केबलला एक नव्हे, तीन लांब्या असतात. पहिली रस्त्याची लांबी, म्हणजे माणूस चालतो ती. दुसरी केबलची लांबी, म्हणजे आवरणावरचे आकडे सांगतात ती. तिसरी काचेची लांबी, म्हणजे प्रकाश धावतो ती. सर्वांत कमी रस्त्याची आणि सर्वांत जास्त काचेची.

काच केबलपेक्षा लांब का? कारण केबलच्या पोटात धागे सरळ ताठ ठेवलेले नसतात. ते बारीक नळ्यांत सैल असतात आणि त्या नळ्या मधल्या दांडीभोवती पीळ घालून बसवलेल्या असतात. वेणीतला केस मोकळा करून सरळ केला तर वेणीपेक्षा लांब भरतो, तसेच हे. केबल ओढली, वाकली, उन्हाने वाढली तरी काचेवर ताण येऊ नये म्हणून ही सोय. केबलच्या रचनेप्रमाणे हजार मीटरमागे काही मीटरपासून वीस-तीस मीटरपर्यंत काच जास्त असू शकते. आमच्या केबलीत ती दहा मीटर होती. म्हणजे यंत्राने सांगितलेली १४,६२० मीटर काच ही सुमारे १४,४७५ मीटर केबल होती.

आणि केबल रस्त्यापेक्षा लांब का? केबल ड्रमवर येते. आमचे ड्रम दोन किलोमीटरचे होते. दर दोन किलोमीटरला एक जोड. जोड करताना केबल खड्ड्यातून वर काढून गाडीत किंवा तंबूत आणावी लागते, म्हणून प्रत्येक बाजूला दहा-दहा मीटर जास्तीची केबल वेटोळे करून खड्ड्यात ठेवतात. तिला आम्ही लूप म्हणतो. सात जोडांचे १४० मीटर तिथेच गेले. शिवाय आमच्या इमारतीतच, खिडकीतून वर, भिंतीच्या कडेने, यंत्रांच्या खोलीपर्यंत ३५ मीटर केबल होती. १४,४७५ मधून १४० वजा, ३५ वजा. उरले १४,३०० मीटर. मी खणले १४,६२० वर. फरक बरोबर ३२० मीटर. काकांच्या वहीने वेगळ्या वाटेने जाऊन हाच आकडा काढला होता.

याहून वेगळी एक चूकही होते. यंत्राला काचेचा अपवर्तनांक सांगावा लागतो, म्हणजे प्रकाश या काचेत किती मंदावतो ते. साधारण १.४६७ किंवा १.४६८. केबल बनवणारा तो कागदावर देतो आणि प्रकाशाच्या रंगाप्रमाणे तो किंचित बदलतो. आधीच्या माणसाने यंत्रात १.४८ ठेवला असेल आणि तुम्ही तो न बघता मोजलेत, तर पंधरा किलोमीटरवर सव्वाशे मीटरची चूक होते. यंत्र तक्रार करत नाही. ते चुकीचे उत्तरही शेवटच्या मीटरपर्यंत नेटके देते. दशांश चिन्हानंतरचे आकडे पाहिले की माणसाचा विश्वास वाढतो, हीच त्यातली गंमत आहे.

प्रकाशाच्या ठोक्याचेही तसेच. ठोका आखूड, दहा नॅनोसेकंदांचा असेल, तर मीटरभराच्या अंतराने असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसू शकतात, पण तो फार दूर पोचत नाही. दूरवर पाहायचे तर ठोका लांब करावा लागतो. एक मायक्रोसेकंदाचा ठोका काचेत दोनशे मीटर लांब असतो आणि शंभर मीटरच्या आत जे काही आहे ते त्यात एकमेकांत मिसळून जाते. दूरचेही दिसावे आणि बारीकही दिसावे, हे एकदम साधत नाही.

मग नीट मोजायचे कसे? काकांनी केले तसे. ऑफिसपासून मोजायचे नाही, तुटीच्या जवळ जे काही जमिनीवर ओळखता येते तिथून मोजायचे. चौदा किलोमीटरमध्ये एक टक्क्याची चूक १४० मीटरची होते. पाचशे मीटरमध्ये तीच चूक पाच मीटरची. शक्य असेल तर दुसऱ्या टोकाकडूनही मोजायचे आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे. शंका असेल तर जोडाच्या पेटीत जाऊन धागा बोटाभोवती हलकेच वाकवायचा. वाकवलेल्या जागी थोडा प्रकाश बाहेर पडतो आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला रेषेवर नवी पायरी दिसते. म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते काचेच्या भाषेत कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, केबल टाकण्याआधी ड्रमवरच ती मोजून ठेवायची. दोन टोकांवरचे आकडे वाचले की केबलची लांबी कळते, यंत्र लावले की काचेची. काकांनी 'किलोमीटरमागे दहा मीटर' हा आकडा असाच ड्रमवरून काढून वहीत लिहिला होता. त्यांना कोणी सांगितले नव्हते. इंजिनियर मोजत होते, हे पाहत होते.

या तीन लांब्यांवरून आमच्या कचेरीत विनोदही होत. एकदा हिशेब तपासायला आलेल्या गृहस्थांनी विचारले, ''चर खणल्याचे बिल इतक्या मीटरचे, मग केबल त्याहून जास्त कशी लागली? उरलेली केबल गेली कुठे?'' त्यांना भर उन्हात जोडाच्या खड्ड्याशी नेऊन लूप दाखवावा लागला. तो पाहून ते म्हणाले, ''म्हणजे जमिनीतच ठेव ठेवलीय म्हणा की.'' शब्द अगदी बरोबर होता. केबल तुटली की त्या ठेवीतूनच थोडी ओढून घेता येते.

हा फरक फक्त आमच्यासारख्या खड्डे खणणाऱ्यांनाच नडतो असे समजू नका. सप्टेंबर २०११ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक खळबळजनक बातमी आली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण ७३० किलोमीटर खडकातून प्रवास करून इटलीतल्या ग्रान सासो इथल्या भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. प्रकाशापेक्षा वेगवान काहीही नाही, या आइन्स्टाइनच्या सिद्धान्तालाच धक्का! 'ऑपेरा' या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी महिनोन् महिने तपासणी करूनही चूक सापडेना, म्हणून त्यांनी आपले आकडे जगापुढे ठेवले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये जे कळले ते ऐकून माझ्यासारख्या माणसाला काकांचीच आठवण झाली. डोंगराखालच्या प्रयोगशाळेत उपग्रहाचा संकेत पोचत नाही. म्हणून वेळेचा संकेत बाहेरून आत नेण्यासाठी ८.३ किलोमीटर लांबीचा ऑप्टिकल फायबर टाकला होता. त्यातून जायला प्रकाशाला सुमारे ४१ मायक्रोसेकंद लागतात आणि हा वेळ मोजून हिशेबात धरलेला होता. पण त्या फायबरचा एक कनेक्टर पूर्ण घट्ट बसलेला नव्हता. त्यामुळे पलीकडे प्रकाश कमी पोचे आणि संकेत ओळखायला तिथल्या यंत्राला सुमारे ७३ नॅनोसेकंद उशीर होई. आतले घड्याळ तेवढे मागे पडले आणि न्यूट्रिनो तेवढे लवकर आल्यासारखे दिसले. दुसरी एक लहान चूक उलट दिशेची होती. दोन्ही दुरुस्त केल्यावर न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाचे निघाले. काच लांब झाली नव्हती, पण मोजणाऱ्याला ती पंधरा मीटरने लांब झाल्यासारखी होती. शास्त्रज्ञांनी चूक लपवली नाही, स्वतःच शोधली आणि स्वतःच सांगितली, हे मला त्या बातमीत सर्वांत मोलाचे वाटते.

समुद्रातही हेच. १५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या देशाजवळ समुद्रातल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि फिजीकडे जाणारी सुमारे ८३० किलोमीटरची केबल तुटली. लाखभर वस्तीच्या त्या देशाला बाहेर जोडणारी ही एकच केबल होती. परदेशात असलेल्या टोंगाच्या लोकांना आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हे कळायला कितीतरी दिवस लागले. केबल दुरुस्त करणारे जहाज आले, ऐंशी किलोमीटरहून अधिक केबल निकामी झालेली निघाली आणि संपर्क पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. समुद्रात तर केबल तळाच्या चढउतारांवर टेकावी म्हणून मुद्दाम सैल सोडत जातात. कुठे किती सैल सोडली, याची नोंद केबल टाकणाऱ्या जहाजावर ठेवलेली असते. प्रकाशाने सांगितलेले अंतर नकाशावर मांडताना हीच नोंद उपयोगी पडते. म्हणजे तिथेही एक वही आहेच.

माझे सांगणे या वहीबद्दलच आहे. प्रकाश आपले काम चोख करतो. तो खोटे बोलत नाही, थकत नाही. पण तो फक्त काचेबद्दल सांगतो. ती काच जमिनीत कशी नेली, लूप कुठे ठेवला, मोरीजवळ वळसा का घेतला, कोणत्या वर्षी कोणत्या दुरुस्तीत तीस मीटरचा तुकडा घालून दोन नवे जोड केले, हे त्याला माहीत नसते. ते फक्त ज्याने केबल टाकली त्याला माहीत असते, आणि त्याने लिहिले तरच दुसऱ्याला कळते. प्रत्येक दुरुस्तीनंतर केबलची लांबी बदलते. नकाशा जुना राहिला, की पुढच्या रात्रीचा खड्डा चुकतो.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. जोडाची जागा उपग्रहाच्या मदतीने टिपून संगणकाच्या नकाशावर ठेवता येते. केंद्रात बसलेले यंत्र रात्रंदिवस धाग्यांवर नजर ठेवते आणि तूट झाली की स्वतःच कळवते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' हे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम सुरू झाले. खणताना केबली तुटू नयेत म्हणून मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे अॅपही सुरू केले. जेसीबी लावण्याआधी त्यावर कळवले, की ज्यांच्या केबली तिथे आहेत त्यांना निरोप जातो. हे सगळे चांगलेच आहे. पण नकाशात चुकीची जागा भरली तर संगणक ती चुकीची जागाच वर्षानुवर्षे जपून ठेवेल. वही कागदाची असो की संगणकाची, ती त्याच दिवशी, त्याच खड्ड्याच्या काठावर उभे राहून भरली गेली पाहिजे.

काका निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांची वही मागून घेतली. तिच्यातल्या पानापानावरचे आकडे आम्ही दोघांनी आठवडाभर बसून मार्गाच्या नकाशावर उतरवले. कुठे खुणेचा दगड रस्ता रुंदीकरणात गेला होता, तिथे काकांनी आंब्याचे झाड, मारुतीचे देऊळ, शाळेची भिंत अशा खुणा लिहून ठेवल्या होत्या. आम्ही प्रत्यक्ष जाऊन त्या पुन्हा मोजल्या आणि दोन-तीन ठिकाणी काकाही चुकले होते. त्याने त्यांनाच जास्त आनंद झाला. ''बरं झालं, मी असताना सापडलं,'' म्हणाले.

श्रोतेहो, तुम्ही इंजिनियर नसाल, तरी ही गोष्ट तुमच्याही अंगणातली आहे. घराखालून पाण्याची पाइपलाइन कुठून गेली, सोसायटीची विजेची केबल कुठे वळली, शेतातली ठिबकची मुख्य नळी किती खोल आहे, हे आज ज्याला माहीत आहे त्याला विचारून कागदावर लिहून ठेवा. दोन पक्क्या खुणांपासून टेप लावून अंतर टिपा. आणि रस्त्याच्या कडेला केबलची खूण असलेला एखादा ठेंगणा दगड दिसला, तर तो बसायला म्हणून उचलून घराकडे नेऊ नका. कोणाच्या तरी घरचा निरोप त्या दगडाच्या भरवशावर असतो.